हंसा छापील बोलायची

आजवर माझ्या डोळ्यांदेखत सत्तावीस तांडेल दर्यात बुडाले, आणि त्यांतले पंचवीस मीच बुडवले. बोईसरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये विचारा कुणालाही. लाइट गेली की खालच्या कट्ट्यावर बायका जमतात आणि माझी गोष्ट सुरू होते. मी एकदा सांगितलेला देवमासा एवढा मोठा होता की तो शिरगावच्या किल्ल्याला पाठ घासायचा, आमचा वॉचमन अजून मला विचारतो, "अम्मा, वो मछली फिर आई क्या?" तर अशी माझी कीर्ती. आणि ही कीर्ती असताना, केस पांढरे होऊन दाढा पडल्यावर, मला कळलं की आमच्या घराण्यातली सगळ्यांत मोठी थाप मी मारलेलीच नाही. ती मारली हंसानं. माझ्या आतेबहिणीनं. जिनं जन्मात कधी मिठालासुद्धा साखर म्हटलं नाही, तिनं. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. म्हणजे जेवते मी दोन वेळा, पण रागाने जेवते.

त्याचं असं झालं. आम्ही वाढलो शिरगावात, किनाऱ्याला लागून. माझा बाप आणि आत्याचा नवरा, दोघे एकाच होडीवर; आत्याचा नवरा तांडेल, म्हणजे होडी त्याच्या हुकमानं चालायची. घरं शेजारीशेजारी, मधल्या भिंतीला एक भोक होतं, त्यातून मीठमिरची, शिव्या आणि मांजर असं सगळं ये-जा करायचं. थंडीत बोंबील पडायला लागले की अंगणात, वाळूत, जिकडे तिकडे बांबूच्या दांड्या उभ्या राहायच्या आणि घरातल्या सगळ्या बायका बोंबील लटकवायला बसायच्या. ज्यांनी हे काम बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते: बोंबलाला खिळा लागत नाही की दोरा लागत नाही. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दांडीवर टाकायची, एक अलीकडे एक पलीकडे. वाळून कडकडीत होईपर्यंत दोघं एकमेकांचं तोंड धरून लटकतात. मी आणि हंसा तशाच होतो असं माझी आय म्हणायची. एकीनं तोंड सोडलं तर दुसरी खाली पडेल, म्हणून कुणीच सोडत नव्हतं.

माझी आय पालघरच्या बाजारात मासळी विकायला बसायची. तिच्या जागेसमोर एक वाचनालय होतं आणि तिथल्या मालकांना सुके बोंबील फार आवडायचे. त्यामुळे आमची वर्गणी बोंबलात जायची आणि त्या बदल्यात आय दर आठवड्याला टोपलीत तळाशी एक पुस्तक घालून आणायची. तिला अक्षर येत नव्हतं. ती जाडी बघून पुस्तक घ्यायची. बारीक पुस्तक दिलं तर बोंबील परत उचलायची. अशाच एका आठवड्यात 'खारराज्य'चा पहिला भाग आमच्या घरात आला, आणि तो आला म्हणजे कुणीतरी पाहुणा येऊन कायमचाच राहावा तसा राहिला. सात भागांची गोष्ट. तरला नावाची राजकन्या, तिचा धाकटा भाऊ शापानं मिठाचा झालेला. शाप उतरवायला तिला सात समुद्रांपलीकडे जायचं आहे, भावाला गलबतावर सोबत घेऊन, आणि अट एकच: तिनं रडायचं नाही. तिच्या डोळ्यांतला एक थेंब जरी त्याच्यावर पडला तर तो विरघळायचा. मला त्या राजकन्येचा इतका हेवा वाटायचा की सांगता सोय नाही. तिचा भाऊ मिठाचा, गप्प बसलेला. माझे तीन भाऊ हाडामांसाचे, माझ्या ताटातला तळलेला तुकडा पळवणारे. मी रोज त्यांच्याकडे बघून मनात शाप द्यायची; एकही मिठाचा झाला नाही.

बोंबील लटकवताना वाचून दाखवायचं काम आधी माझ्याकडे होतं, हे लक्षात ठेवा. हंसाकडे नंतर गेलं. मी शाळेत पहिली यायची, माझा आवाज मोठा, आणि दर्याच्या गाजेवरून ऐकू जाईल असं वाचणं सोपं नव्हे. फक्त मला एक खोड होती. पुस्तकात जिथं लेखक दमला आहे असं वाटेल, तिथं मी त्याला हात द्यायची. राजवाड्यात मेजवानी असेल तर त्यात कोळंबीचं कालवण घालायची. चेटकीण आली की तिला आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीचं नाव द्यायची. बायका खूश होत्या. पण एके दिवशी मी राजकन्येला वाटेत भूक लागली म्हणून तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खायला घातली, आणि नेमकी ती चेटकीण म्हातारी तिथं बसलेली होती. ती म्हणाली, राजाची पोर सुके बोंबील खाते असं लिवलंय? दाखव. मी पान दाखवलं. तिला काय कळणार. पण ती हुशार, तिनं पुस्तक ओढून घेतलं आणि माझ्या शेजारच्या हंसासमोर धरलं. म्हणाली, तू बघ गो.

हंसानं बघितलं. बोटानं ओळ धरून वर गेली, खाली आली, आणि म्हणाली, "नाय लिवलंय."

दोन शब्द. माझं राज्य गेलं. तिला खोटं बोलता आलं असतं, मान हलवली असती तरी पुरे होतं, पण हंसा हंसाच. तिची आई, म्हणजे माझी आत्या, तिला विचारायची दूध कोणी सांडलं, तर ही सांगायची मी सांडलं, आणि वर सांगायची काल पण मीच सांडलेलं. सगळा गाव म्हणायचा, हंसा छापील बोलते. त्या दिवसापासून पुस्तक तिच्या हातात गेलं आणि माझ्या हातात बोंबील आले. ती वाचायची कशी? आवाज बारीक, एका सुरात, ना हुंकार ना हातवारे. एखादीनं तांदूळ निवडावेत तसं. आणि बायका टाचणी पडली तर ऐकू येईल अशा बसायच्या. मला वाटायचं, दर्यानं उठावं आणि त्या पुस्तकासकट हिला घेऊन जावं. संध्याकाळी परत आणून सोडावं, पण जरा घाबरवून.

मी तिच्या चुका पकडायचं ठरवलं. रोज वाचून झालं की ती पुस्तक फळीवर ठेवायची, आणि मी ते घेऊन चुलीपाशी बसून तिनं वाचलेलं अक्षरन् अक्षर ताडून बघायची. दुसरा भाग बघितला, तिसरा बघितला, चौथा बघितला. एक काना चुकला नव्हता. एका ठिकाणी छापणाऱ्यानंच 'तलवार'चं 'तलवर' केलं होतं, तर हंसानं तेही तलवरच वाचलं होतं. अशा माणसाशी भांडायचं कसं?

त्यातच आमच्या घरांवर काळ आला. आत्याचा नवरा दर्यावर गेला आणि होडी त्याच्याशिवाय परत आली. माझा बाप सोबत होता. त्यानं फक्त एवढंच सांगितलं की लाट आली, आणि त्यानंतर त्या रात्रीबद्दल तो मरेपर्यंत एक शब्द बोलला नाही. अंग मिळालं नाही. आत्या रडली नाही. रडायचं कशावर, समोर काही नव्हतंच. ती आपली यायची, बोंबलांच्या ढिगाशी बसायची, जबड्यात जबडा अडकवायची, कुणी काही विचारलं तर मान हलवायची. तिचं बोलणंच बंद झालं. बायका म्हणायच्या, हिला रडवा, नायतर ही जायची. लोकांनी काय काय करून बघितलं. एकीनं तिला चिमटेसुद्धा काढले. हंसा वाचायची तेव्हा आत्या तिच्या अगदी समोर बसायची, पण ऐकते की नाही ते कळायचं नाही.

अशात पाचवा भाग आला. त्याच्या सुरुवातीलाच आमच्या बायकांचं लेखकाशी बिनसलं. त्यानं लिहिलं होतं की अमावास्येची रात्र होती आणि समुद्र तळ्यासारखा निपचित पडला होता. हे ऐकून सगळा घोळका हसत सुटला. अमावास्येला उधाण असतं हे आमच्याकडचं पाळण्यातलं पोर सांगेल. माझी आय म्हणाली, हा बाबा घाटावरचा दिसतो, यानं दर्या कॅलेंडरावर बघितलाय. त्यात तो तांडेलाला 'सुकाणूधर' म्हणायचा, त्यावर तर आठवडाभर थट्टा चालली. कुणाचा नवरा आला की "आला गो सुकाणूधर". हे मी मुद्दाम सांगते आहे. हा लेखक दर्यातला नव्हता हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माहीत असून आम्ही फसलो.

कारण त्याच भागात मधेच एके दुपारी हंसा वाचता वाचता थांबली. पान उलटलं होतं तिनं. मला वाटलं, घसा सुकला. तिनं एकदा समोर बघितलं, परत पुस्तकात बघितलं, आणि वाचायला लागली. राजकन्येचं गलबत काळ्या भोवऱ्यात सापडलं. गलबताचा तांडेल, भद्रक त्याचं नाव, त्यानं सगळ्यांना वाचवलं आणि स्वतः पाण्यात गेला. पाण्यात जाताना त्याच्या हातात दोराचा एक तुकडा होता. दर्या म्हणाला, तुला मी सोडणार नाही. भद्रक म्हणाला, सोडू नकोस, पण एवढा दोर माझ्या घरी पोचव. आणि त्यानं बुडता बुडता त्या दोराला गाठी मारल्या. जाळ्याला मारतात तशा. तो दोर लाटालाटांनी फिरत फिरत त्याच्या गावच्या किनाऱ्याला लागला. बायका मासळी उतरवायला आल्या होत्या, कुणाला कळलं नाही कसला दोर. त्याची बायको आली, तिनं गाठ हातात घेतली. प्रत्येक घराची गाठ वेगळी असते, आणि भद्रक डावरा होता, त्याची गाठ उलटी पडायची. तिनं ती बोटांनी चाचपली आणि म्हणाली, "आला. उशीर झाला त्याला, पण आला."

आत्याचा नवरा डावरा होता. त्याच्या उलट्या गाठीवरून सगळा किनारा त्याला हसायचा. त्यानं शिवलेलं जाळं दुसऱ्याला सोडवता यायचं नाही. आणि आत्या, जी कित्येक दिवस बोलली नव्हती, ती हातातला बोंबील तसाच धरून म्हणाली, "गाठ सोडवली नाय ना तिनं?"

हंसा पुस्तकात बघून म्हणाली, "नाय आय. ठेवली तशीच."

मग आत्या रडली. अशी रडली की त्या दिवशीचे बोंबील मिठाशिवाय खारट झाले. पालघरचं गिऱ्हाईक आयला विचारायचं, या वेळी काय लावलंत. रात्री आत्यानं पेज मागितली. पुढे ती आणखी वीस-पंचवीस वर्षं जगली, नातवंडं खेळवली, माझ्या लग्नात हळदीला नाचली. घरात एका खुंटीला नवऱ्याच्या जाळ्याचा तुकडा तिनं टांगला होता आणि कुणाला हात लावू द्यायची नाही.

गावात मात्र पुस्तकाचा चमत्कार झाला. पुस्तकात पण तांडेल डावरा हाय, असं या तोंडाचं त्या तोंडाला गेलं. कुणाला शंका आली नाही, कारण वाचणारी हंसा होती. मी वाचलं असतं तर? बायकांनी माझ्या डोक्यावर बोंबलाची टोपली उपडी केली असती. दुसऱ्या आळीच्या बायका पुस्तकाच्या पाया पडायला आल्या, तर पुस्तक घरात नव्हतंच. रात्रभर आम्ही सगळ्या आत्यापाशी होतो, आणि हंसानं पुढची पानं वाचायची राहिली असतानाच पहाटे ते आयच्या टोपलीत घालून पालघरला परत पाठवलं होतं. त्यामुळे तेवढा एकच भाग मला ताडून बघता आला नाही. त्याचा मला फार राग आला, आणि त्या रागात मी सांगून टाकलं की मला बघायचाही नाही तुझा पाचवा भाग. शब्द पाळला. मी आयुष्यात पाळलेल्या दोन-तीन शब्दांपैकी तो एक, आणि नेमका तोच पाळायला नको होता.

त्या प्रसंगानं माझं आयुष्य नासवलं असं म्हटलं तर ती थाप होईल, पण अगदीच थाप होणार नाही. नंतर मी जेवढ्या गोष्टी सांगितल्या त्या सगळ्या त्या दोराच्या मागे धावत सांगितल्या. लग्न होऊन बोईसरला आले, नवरा तारापूरच्या कारखान्यात, आधी सालवडला भाड्याच्या खोलीत राहिलो. तिथं भोवती बिहार, ओडिशाची माणसं. त्यांच्या बायकांना मी मोडक्या हिंदीत तांडेल बुडवून दाखवायची. रडायच्या त्या, नाही असं नाही. पण रडून झाल्यावर हसायच्या आणि म्हणायच्या, दीदी बहुत फेंकती है. दोर ऐकून कुणी असं म्हटलं नव्हतं. मला वाटायचं, असो, तो लेखक मोठा माणूस. त्याला भरती-ओहोटी कळत नसेल, पण माणूस कळत होता. लेखकाकडून हरण्यात कमीपणा नाही.

गेल्या वर्षी माझ्या सुनेनं 'खारराज्य'चे सातही भाग मागवले. नवीन छापलेत, गुळगुळीत, प्रत्येकावर तरलाचं चित्र. ती अशी गोरीपान आणि लुकडी की तिला बघून वाटतं, हिला खरंच सुक्या बोंबलाची गरज आहे. मी चष्मा पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. लहानपणी मी पहिल्या भागात भाऊ मिठाचा होतो तिथं टाळ्या वाजवायची. या वेळी तिथं पोचले आणि माझा मधला भाऊ आठवला, जो आता नाही, आणि पुस्तक जरा बाजूला ठेवलं. तिसऱ्या भागात तरला वाट विचारण्यासाठी स्वतःचं हसू विकते. तेव्हा ते पान मला कंटाळवाणं वाटलं होतं. आता कळलं, गोष्ट खरी तिथंच वळते. रडायला बंदी होतीच, आता हसूही गेलं. उरलं काय, तर चालणं. मी सुनेला म्हटलं, हे वाच, ही तुझी सकाळची सहाची ड्युटी आहे. सातव्या भागाबद्दल काही सांगत नाही, ज्यांनी वाचला नाही त्यांनी वाचावा. एवढंच सांगते की शेवटी ती रडते, आणि दर्या खारट का आहे ते कळतं.

पण त्याआधी पाचवा. मी तो सणासारखा राखून ठेवला. घरात कुणी नाही असं बघितलं, चहा केला, पाय वर घेऊन बसले. अमावास्येचा निपचित समुद्र आला, मी एकटीच हसले. भोवरा आला. पान उलटलं. वर लिहिलं होतं: 'सुकाणूधर भद्रक लाटेत नाहीसा झाला. गलबत पुढे निघाले.' आणि खाली लगेच सगळे जेवायला बसले होते.

मी पान उजेडात धरलं. पानं चिकटली आहेत का बघितलं. मग मला संताप आला. या नव्या छापणाऱ्यांनी दोर कापला. कागद वाचवायला माझ्या आत्याचा नवरा कापला. सुनेला म्हटलं, यांना पत्र लिही, मी सांगते. ती म्हणाली, आई, आधी जुनी प्रत तर बघा. म्हणून एसटीनं पालघरला गेले. वाचनालय आहे अजून, मालकांचा मुलगा बसतो, तोही म्हातारा झालाय. त्यानं मागच्या कपाटातून पाचवा भाग काढला. पिवळा, कडा कुरतडलेल्या. मी आधी वास घेतला. तुम्ही म्हणाल फेकते आहे, पण त्या पुस्तकाला अजून आमच्या बोंबलांचा वास होता, आणि त्या पानावर कोपऱ्यात तेलकट बोटाचा एक ठसा होता. लहान बोटाचा. त्याच्या शेजारी त्याच दोन ओळी. गलबत पुढे निघाले.

तिथून सरळ माहीमला गेले, पालघरजवळच्या, मुंबईच्या नव्हे. हंसाला त्याच गावात दिलेली, पानमळ्यांच्या कडेला घर. ती ओटीवर करंदी सोलत बसली होती, बारीक बारीक कोळंबी, एकेक हातात घेऊन. मला बघून उठली नाही, दुसरी वाटी पुढे सरकवली. मी पण सोलायला बसले. थोड्या वेळानं विचारलं, "पाचव्या भागात दोर कुठं हाय गो?"

तिनं कंचा दोर असं विचारलं नाही. करंदीचं डोकं काढलं, शेपूट काढलं. म्हणाली, "नाय लिवलंय."

तेच दोन शब्द. त्याच सुरात. मी म्हटलं, मग आला कुठून?

"आय समोर बसलेली," ती म्हणाली. "पान उलटलं नि दोन वळी दिसल्या. दोन वळीत माणूस बुडतो काय, जयू? नि हे लगेच जेवायला बसले. मी कसं वाचू तसं आयसमोर."

मी विचारलं, किती दिवस जुळवत होतीस? मला एक साधा देवमासा जुळवायला आठवडा लागतो. ती म्हणाली, जुळवलं कुठं, तोंड उघडलं नि आलं. मग मी विचारलं, त्यानंतर कधी? तर म्हणाली, "नाय बाय. माना कुठं येतं तसलं. ते तुलाच येतं." आणि हे ती टोमणा म्हणून बोलली असती तर मी सहन केलं असतं. ती मनापासून बोलत होती. छापील.

माझ्या पोटात असं पेटलं की त्यावर पाच माणसांचा भात शिजला असता. जन्मभर मी दर्या उपसला आणि ही एकदा ओंजळ घालून मोती काढून मोकळी, वर म्हणते मला पोहता येत नाही. तेवढ्यात ती म्हणाली, "आता माना धड आठवत पण नाय. काय काय व्हतं त्यात? तू सांग."

ही माझी वेळ होती. ऐकणारी एक, तिला मूळ आठवत नाही, ताडून बघायला पुस्तक नाही. मी गळा साफ केला. भोवऱ्यात एक देवमासा घालायचं ठरवलं, तो बसेना. दोर सोन्याचा करून बघितला मनात. सोन्याच्या दोराला गाठ बसत नाही. बायको किनाऱ्यावर येते तिथं मोठा आक्रोश घालायला माझी जीभ वळवळत होती, पण ती बाई नुसती गाठ चाचपत उभी, तिच्या तोंडात आक्रोश कोंबायचा कसा? शेवटी जसं ऐकलं होतं तसंच सांगितलं. एका सुरात. आला, उशीर झाला त्याला, पण आला.

हंसाचे हात थांबले होते. करंदीच्या सालांवर माश्या बसल्या, तिनं हाकलल्या नाहीत. मग डोळे पदराला पुसून माझ्याकडे नवलानं बघितलं.

"तू त्यात कायच घातलं नाय," ती म्हणाली.

"जागाच नाय ठेवली तू," मी म्हटलं, आणि तिच्या वाटीतली सगळ्यांत मोठी करंदी उचलून माझ्या वाटीत टाकली.